शरणपूर ते सातपूर

नाशिककरांना शरणपूर रोड कुठे आहे हे सांगावे लागत नाही. पण या शरणपुराने कोणाला आसरा दिला, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. ते एक छोटे गाव होते. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ते १८५० नंतरच्या दशकात वसवले. गुलामांची गलबते इंग्रजी आरमाराने समुद्रात अडवली की सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरत. त्यांतली काही इकडे पाठवली जात. इथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवत आणि सुतारकाम, लोहारकामही शिकवत. शाळा आणि कारखाना एकाच आवारात.

यातलाच एक जेकब वेनराइट. संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या जंगलात वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी नेणाऱ्यांत तो होता. नाशिकच्या शाळेचा हा विद्यार्थी आफ्रिकेत गेला होता तो मात्र मोहिमेतला माणूस म्हणून. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवले आणि शरणपुरातले बरेच आफ्रिकन तिकडे गेले. कसब इथे शिकवले, पण त्याला काम कुठे मिळणार, हा प्रश्न तेव्हाही होताच.

सरकारला तो प्रश्न ठाऊक होता. १८५० साली शिकाऊ मुलांविषयीचा पहिला कायदा झाला, तो प्रामुख्याने अनाथ आणि गरीब मुलांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बापाने किंवा पालकाने करार करून धंदा शिकायला बांधून द्यायचे, जास्तीत जास्त सात वर्षे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपला. मुलगी असेल तर लग्न झाले की संपला.

या मुलाला पुढे आपण सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणू लागलो. मी कवी असल्यामुळे शब्दापाशी जरा रेंगाळतो. ‘उमेद’ फारसी आहे, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे नोकरी मिळेल या आशेने फुकट राबणे. कायद्याच्या भाषेत इतका खरा शब्द क्वचित सापडतो.

जुन्या नाशकात, आमच्या मोहल्ल्यात, हे काम उस्तादाकडे चाले. पोरगा गॅरेजात जाई, उस्ताद गाडीखालून हात काढून म्हणे, ‘‘बारा-तेराचा पाना दे.’’ पाना चुकला की डोक्यात टपली. पुस्तक नाही, पगार नाही, दाखला नाही. पण शिकवणारा आणि काम देणारा माणूस एकच होता, हे विसरू नये.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने पोराला उस्तादाच्या मर्जीतून सोडवले. लेखी करार, विद्यावेतन, कामाचे तास, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. हे फार मोठे काम होते. त्याच सुमारास नाशिकही बदलत होते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, सातपूरची वसाहत उभी राहिली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट बाहेर पडू लागले. शेतकऱ्याच्या, तांबटाच्या, विणकराच्या घरातला मुलगा कानशीने लोखंडाचा तुकडा घासून घासून काटकोनात आणू लागला.

पण एक फट राहिली. आपल्याकडे शाळा आधी, कारखाना नंतर. दोन वर्षे आयटीआय, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप. आयटीआयचे शिल्प निदेशक आणि कारखान्याचा फोरमन यांची गाठ सहसा पडत नाही. जर्मनीत मुलगा आधी कारखान्याशी करार करतो आणि त्याच काळात आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत बसतो. आज मशिनवर जे अडले, ते उद्या वर्गात विचारता येते. आपणही २०१६ च्या सुमारास आयटीआयमध्ये अशी दुहेरी पद्धत सुरू केली. अर्धशतक उशिरा, पण केली.

संख्येपुरता कायदा कडक आहे. २०१९ पासून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. वर्ष संपल्यावर ठेवून घेण्याची सक्ती मात्र नाही. मालकाने आपले धोरण ठरवावे, असे २०१४ ची दुरुस्ती सांगते. त्याआधी १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एसटीतल्या शिकाऊंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, बाकी सगळे समान असेल तर थेट आलेल्यापेक्षा शिकाऊ म्हणून तयार झालेल्याला प्राधान्य द्यावे. बाकी सगळे समान आहे की नाही, हे ठरवतो कोण, ते वेगळे सांगायला नको.

आमच्या गल्लीतला एक मुलगा फिटर झाला. एका मोठ्या कारखान्यात त्याने वर्ष काढले. तिथे त्याला मशिनपेक्षा सामान उचलण्याचेच काम जास्त मिळाले. वर्ष संपले, त्याच्या जागी नवी तुकडी आली. आता तो गॅरेज चालवतो. दोन्ही प्रमाणपत्रे लॅमिनेट करून भिंतीला लावली आहेत, त्यांवर ग्रीसचे डाग पडलेत. परवा स्कूटर घेऊन गेलो तर गाडीखालून त्याचा हात बाहेर आला. शेजारी चौदा-पंधरा वर्षांचे एक पोर उभे होते. मी विचारले, ‘‘याला आयटीआयला घालणार ना?’’

‘‘घालतो ना चाचा,’’ तो आतूनच म्हणाला, ‘‘पण पुढं घेईल कोण, ते तुम्ही सांगा.’’