प्रश्नाला सनद कशाला?

धर्माचे विचारायचे ते आलिमांना, म्हणजे धर्मविद्वानांना (उलेमांना), आणि त्यांच्या उत्तरावर आलिम नसलेल्याने उलट प्रश्न करायचा नाही, हे मत मुस्लिम समाजात खोल रुजले आहे. बाहेरचे सुशिक्षितही ते गृहीत धरतात. ते खोडायचे तर आधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

अरबी भाषा, हदीसची पारख, उसूल-ए-फिक्ह म्हणजे धर्मकायद्याची मूलतत्त्वे, यांत आयुष्य जाते. रोग्याने वैद्याशी वाद घालू नये, तसेच हे, असे सांगितले जाते. शिवाय अनधिकारी माणसाने अर्थ लावले की काय होते, याचा दाखलाही भक्कम आहे. 1981मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या करणाऱ्या गटाला पुस्तिका लिहून देणारा अब्दुस्सलाम फरज वीजतंत्री होता. त्याचे खंडन केले ते इजिप्तचे मुफ्ती जादुल हक यांनी.

हे सारे मान्य. पण यातून विद्येची गरज सिद्ध होते, मक्तेदारी नव्हे. वैद्यालाही दुखते कुठे ते रोगीच सांगतो, आणि औषध लागू पडले नाही तर तेही त्यानेच सांगायचे असते. सुन्नी परंपरेत दीक्षा दिलेला पुरोहितवर्गच नाही. मुफ्तीचा फतवा म्हणजे जाणकाराचे मत. बंधनकारक असतो तो काझीचा निवाडा. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी गुरूशी कितीतरी मुद्द्यांवर मतभेद नोंदवले, तरी ते त्यांच्याच हनफी परंपरेत राहिले.

यापेक्षा बोलका पुरावा आपल्याच देशातला आहे. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला किंवा छळत राहिला, तरी बायकोला सुटकेची वाट जवळजवळ नव्हती. तेव्हा पंजाबात काही स्त्रिया निकाह मोडण्यासाठी धर्म सोडल्याचे जाहीर करू लागल्या. त्या काही अरबी शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या कोंडीने मौलाना अश्रफ अली थानवी यांना पुन्हा विचार करायला लावले. मालिकी या दुसऱ्या सुन्नी परंपरेच्या मदिनेतील विद्वानांशी पत्रव्यवहार करून त्यांनी 1931मध्ये ‘अल-हीलतुन नाजिझा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि मालिकी मताचा आधार घेऊन स्त्रियांना वाट काढून दिली. 1939चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्याच मार्गाने आला. प्रश्न सामान्य बायकांचा, उत्तर आलिमाचे. म्हणूनच ‘उलेमा कधी बदलत नाहीत’ हे विरोधकांचे ठरीव वाक्यही मला मान्य नाही.

महाराष्ट्रात 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन, तोंडी तलाक बंद करा असे सांगत, मुंबईत विधानभवनावर गेले. ‘यांना धर्म काय कळतो?’ हे दलवाईंना किती वेळा ऐकावे लागले! दलवाई धर्मग्रंथांच्या बाहेर उभे राहून बोलले. माथेरानला जन्मलेले असफ अली असगर फैजी शरियतचा कायदा कोळून प्यालेले, तरी तेही म्हणत होते की अर्थ नव्याने लावावा लागेल. दलवाईंना अज्ञानी ठरवणाऱ्यांना फैजींना तसे ठरवता येत नव्हते. मग त्यांचे तरी कुठे ऐकले? याचा अर्थ, अडचण अज्ञानाची नव्हतीच.

2017मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्वतःच सर्वोच्च न्यायालयात सांगितले की एकदम तीन तलाक देणे पाप आहे, असे करणाऱ्यावर सामाजिक बहिष्कार घालावा. तरीही तो तलाक वैधच, हा हेका मात्र सोडला नाही. न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ती प्रथा रद्द केली. जे पाप आहे असे बोर्ड म्हणत होते, त्याच्याविरुद्धच दलवाईंबरोबरच्या त्या सात जणी 51 वर्षे आधी रस्त्यावर आल्या होत्या.

तिरोडा तालुक्यात नागझिऱ्याच्या जंगलाकडेला असलेल्या चोरखमाऱ्यासारख्या गावातून एखादी बाई पोटगी मागायला गोंदियाच्या न्यायालयात गेली आणि नवरा म्हणाला, ‘मी तलाक दिलाय’, तर एवढ्याने आता भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने 2 मे 2002 रोजी दगडू पठाण खटल्यात सांगितले की तलाकचे कारण, त्याआधी दोन्ही घरच्या मध्यस्थांनी केलेला समेटाचा प्रयत्न, हे सारे नवऱ्याने शाबीत करावे. मध्यस्थांची ही अट कुराणाच्या चौथ्या अध्यायातली आहे. ‘मध्यस्थ कोण होते?’ हे विचारायला त्या बाईला कुठल्या मदरशाची सनद लागणार?