महाकाळाचं निर्माल्य : क्षिप्रेपासून उदबत्तीपर्यंत

आमच्या घरी देवावरचं फूल केरात टाकायची सोय नव्हती. आजी सकाळी निर्माल्य तांब्याच्या ताम्हनात काढून ठेवायची, आणि चार-आठ दिवसांचं साठलं की कोणीतरी रामघाटावर जाऊन क्षिप्रेत सोडून यायचं. ते काम बहुतेक वेळा माझ्यावर यायचं. पायाखाली येऊ नये, एवढंच त्यामागचं कारण. मूठभर जास्वंद, तगर, तुळस. नदीला त्याचं काय ओझं?

उज्जैनमधल्या आपल्या मराठी घरांचा महाकाळाशी संबंध जुना. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात हे मंदिर पुन्हा उभं केलं. पण मला आज देवळाच्या दगडांबद्दल नाही, तिथून रोज बाहेर पडणाऱ्या फुलांबद्दल लिहायचं आहे.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार मंदिरात रोज ७५ हजार ते एक लाख माणसं येतात, आणि फुलं व इतर मिळून ५-६ टन कचरा निघतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झालं, तेव्हापासूनची गर्दी आपण पाहतोच आहोत. दुसरीकडे नदी. क्षिप्रेला बारमाही प्रवाह उरलेला नाही. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पाइपाने आणून सोडलं, म्हणून २०१६ चा सिंहस्थ निभावला. इंदूरकडून कान्ह नदी सांडपाणी आणते ते वेगळंच. अशा थांबलेल्या पाण्यात फुलं कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. शिवाय आजचं फूल परसातलं नाही. फवारणीचा झेंडू, नायलॉनचा दोरा, वर प्लास्टिकची पिशवी.

आता ही फुलं खास गाड्यांतून रोज ३ टन क्षमतेच्या प्रकल्पात जातात. दोरे-पिशव्या वेगळ्या काढायच्या, फुलं वाळवायची, भुकटी करायची, उदबत्त्या वळायच्या. शिव अर्पण बचत गटातल्या १६ बायकांचा रोजगार यावर चालतो. काही मालाचं खत होऊन शेतकऱ्यांकडे जातं, काहीच्या जळणाच्या विटा होतात. त्याच २०२४ च्या आकड्यांत २,२७५ टन फुलं आणि ३ कोटी २ लाख ५० हजार उदबत्त्या आहेत. मी सहज भागाकार केला, किलोमागे साधारण तेराच उदबत्त्या आल्या. ओल्या फुलात बहुतेक पाणीच असतं म्हणा! त्यामुळे नुसत्या उदबत्तीवर हिशेब मांडू नये. खत, जळण, वाचलेली नदी आणि कचरा डेपोपर्यंतची वाचलेली वाहतूक, हे सगळं धरलं तरच फायदा नीट दिसतो.

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला : शिवनिर्माल्य चंडेशाचं, ते परत वापरणं अधर्म. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, शास्त्रात तो आहे. पण शिवपुराणात ज्योतिर्लिंगांना अपवादही सांगितला आहे, आणि महाकाळाला वाहिलेलं इथे पुन्हा वाहता येतं, ही याच गावची मान्यता आहे. बेलाचं पान तर कुठल्याही शिवालयात धुऊन परत वाहतात. पहाटेच्या भस्मारतीचं भस्म तरी कशाचं? शेणाच्या गोवऱ्या, ज्यांना इथे कंडे म्हणतात, आणि शमी, पिंपळ, पळस यांची लाकडं. टाकाऊ म्हणावं असं शेण इथे थेट देवाच्या अंगावर चढतं. मग फुलाची उदबत्ती होण्यात परंपरा कुठे मोडली?

मला अडचण वेगळीच वाटते. निघतो ५-६ टन, क्षमता ३ टनांची. ५-६ टनांत फुलांखेरीज इतर कचराही आहे हे मान्य. तरी श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला काय होत असेल? आणि २०२८ चा सिंहस्थ दाराशी आहे. मोठ्या देवळातली फुलं गोळा होतात, पण गल्लीबोळातल्या देवळांतली आणि घराघरातली अजून घाटावरच येतात.

माझ्या घरचीही परवापरवापर्यंत येत होती. आता गच्चीवर एक माठ ठेवलाय, तळाला भोक पाडून. वर सुकी पानं, आत निर्माल्य. आजीचं ताम्हन मात्र तेच आहे.