गोल्फ मैदानांवरील पोआ ॲन्युआचे नियंत्रण

पोआ ॲन्युआ हे मूळचे युरोपातील गवत असून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गोल्फ मैदानांवर ते अत्यंत त्रासदायक तण मानले जाते. त्याच्या नियंत्रणासाठी प्रामुख्याने तणनाशके वापरली जातात. तथापि, तण व हिरवळ ही दोन्ही गवतेच असल्याने एकाला मारून दुसऱ्याला वाचविणे कठीण असते.

वैशिष्ट्ये

पोआ इन्फर्मा व पोआ सुपिना या दोन जातींच्या संकरातून हे गवत निर्माण झाले. आता ते अंटार्क्टिकासह सर्व खंडांत आढळते. त्याचे बी शरद ऋतूत जमीन थंड होऊ लागताच उगवते आणि वसंत ऋतूत रोपांना तुरे येतात. काही मिलिमीटर उंचीवर रोज कापणी केली तरी ते बी धरते आणि जमिनीत बियांचा साठा होतो. तुऱ्यांमुळे चेंडूच्या गतीत अडथळा येतो, तर उन्हाळ्यात गवत वाळल्यावर मैदानावर उघडे डाग पडतात. कॅलिफोर्नियातील पेबल बीचसारख्या काही मैदानांवर मात्र हेच गवत हिरवळ म्हणून जोपासले जाते.

तणनाशकांचा वापर

उगवणपूर्व तणनाशके बी रुजण्याआधी जमिनीवर फवारतात. प्रोडायमीन व पेंडीमिथॅलीन ही त्यांपैकी प्रमुख होत. ती कोवळ्या मुळांतील पेशीविभाजन रोखतात. महाराष्ट्रातील सोयाबीन व कांदा उत्पादकांना पेंडीमिथॅलीन परिचित आहे.

दक्षिणेकडील उष्ण राज्यांत हिरवळीसाठी हरळी व तिचे संकरित वाण लावतात. महाराष्ट्रातील शेतात हरळी हे स्वतःच चिवट तण समजले जाते. येथे मात्र तिचेच रक्षण करावयाचे असते. हिवाळ्यात हरळी सुप्तावस्थेत जाऊन पिवळी पडते. त्या काळात फवारलेले ग्लायफोसेट हिरव्या पोआ ॲन्युआला मारते; हरळीला हिरवी पाने नसल्याने तिला सहसा इजा होत नाही. थंड प्रदेशांतील बेंटग्रासच्या हिरवळीसाठी मेथिओझोलिन हे निवडक तणनाशक उपलब्ध असून अमेरिकेत त्याची नोंदणी २०१९ मध्ये झाली.

प्रतिकारक्षमता

एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास बहुतेक रोपे मरतात. परंतु जनुकीय बदलामुळे तग धरणारी मोजकी रोपे बी धरतात आणि काही वर्षांत त्यांचीच संतती मैदान व्यापते. सिमाझीनला दाद न देणाऱ्या रोपांत हरितलवकातील एका जनुकात असा बदल आढळला आहे. ग्लायफोसेटला प्रतिकार करणारे पोआ ॲन्युआ मिसूरी व टेनेसी या राज्यांतील गोल्फ मैदानांवर नोंदविले गेले आहे. एकाच वेळी अनेक गटांतील तणनाशकांना न जुमानणारे वाणही आढळले आहेत. अशा ठिकाणी मात्रा वाढविणे हा टिकाऊ उपाय ठरत नाही.

एकात्मिक व्यवस्थापन

यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या पद्धतींनी कार्य करणारी तणनाशके आलटूनपालटून किंवा एकत्र वापरण्याची शिफारस केली जाते. केवळ व्यापारी नाव बदलणे पुरेसे नसते; रसायनाचा गट बदलणे आवश्यक असते. त्याखेरीज पाणी बेताने देणे, निचरा सुधारणे, कापलेले गवत तुऱ्यांसह उचलून नेणे आणि हिरवळ दाट राखणे हे उपाय योजतात. फवारणीनंतर जिवंत राहिलेली रोपे बी धरण्यापूर्वी उपटून टाकणे विशेष महत्त्वाचे ठरते.