गोड्या पाण्यांतील झिंगा व भोर-वेल्ह्याचे जलाशय

पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या मावळी मुलखांत पाण्याचा सांठा विपुल आहे. भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झालें, पुढें त्याहून मोठें लॉइड धरण उभें राहिलें. त्यानंतर पानशेत, वरसगांव, गुंजवणी व नीरा-देवघर यांची भर पडली. एवढ्या पाण्यांत, बाजारांत चढ्या भावानें खपणारा मोठा झिंगा कां वाढूं नये, ही शंका साहजिकच येते.

खाण्याच्या बाबतींत तर हा प्राणी मुळींच चोखंदळ नाहीं. दिवसां दगडाआड दडून बसावें आणि रात्रीं तळ चांचपीत फिरावें, हा त्याचा क्रम. पाणकिडे व त्यांच्या अळ्या, बारीक गोगलगाई, शेवाळ, धान्याचे दाणे, मेलेला मासा, कांहींहि त्यास चालतें. नुकतीच कात टाकून मऊ पडलेला सोबतीहि तो सोडीत नाहीं!

असें असूनहि त्याची पैदास माणसास दीर्घकाळ साधली नाहीं. गोड्या पाण्यांत अंडीं फुटत, पण पिल्लें थोड्याच दिवसांत मरून जात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे मत्स्यतज्ज्ञ शाओ-वेन लिंग यांस 1961 च्या सुमारास मलायांतील पिनांग येथें त्याचें कारण उमगलें. पिल्लांस अन्नाइतकीच मिठाचीहि गरज होती. जेवणांतील सोयाबीनचा खारट रस त्यांनीं पाण्यांत ओतून पाहिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, खाडीसारख्या मचूळ पाण्यांत पिल्लें जगलीं, हें मात्र निश्चित. पुढें हवाई बेटांत ताकुजी फुजिमुरा यांनीं हीं पिल्लें मोठ्या प्रमाणावर वाढविण्याची रीत बसविली.

भोरची खरी अडचण येथेंच आहे. निसर्गतः मादी अंडीं घेऊन खाडीकडे उतरते, व वाढलेलीं पिल्लें प्रवाहाविरुद्ध नदी चढतात. वरंध घाटापलीकडचें पाणी सावित्रींतून थोडक्या मजलेंत बाणकोटच्या खाडीस मिळतें. अलीकडची नीरा मात्र भीमेंतून कृष्णेस व कृष्णेंतून थेट बंगालच्या उपसागरास जाते. त्या वाटेवर 1855 सालीं बेजवाड्यास बंधारा पडला, 1967 सालीं नागार्जुनसागर उभें राहिलें. एवढे अडसर ओलांडून झिंगा मावळांत येणें नाहीं.

तेव्हां बीज खाऱ्या पाण्याच्या उबवणकेंद्रांतून आणूनच सोडावें लागतें. मोठ्या जलाशयांत भक्षक माशांपासून त्याचें रक्षण करणें व पुढें तें पुन्हां हातीं लागणें कठीण. त्या मानानें शेततळीं बरीं. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड ह्या मुलखांत मिळण्यासारखी आहे. कात टाकतांना लपावयास तळाशीं फांद्या अथवा कौलें ठेवलीं, कीं परस्परांस खाणें कमी होतें. प्रश्न उरतो तो थंडीचा. पाण्याचें उष्णमान 26 ते 31 अंश असतां झिंगा झपाट्यानें वाढतो. पौषांतील गारठ्यांत त्याची भूक मंदावते, आणि तेथें पेंड टाकीत राहिल्यास ती तळाशीं कुजून पाणीच नासतें.