शाळा सुटल्यानंतरचा तास

राजे, लढाया आणि तह यांच्या नोंदी इतिहासात राहतात. शाळेतून परतलेले पोर दप्तर टाकून संध्याकाळपर्यंत काय करीत होते, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. तरीही एखादा समाज आपल्या मुलांच्या रिकाम्या वेळेत त्यांच्यापुढे काय ठेवतो, यावरून त्या समाजाची पारख करता येते, असे आम्हांस वाटते. म्हणून आज आम्ही विषय घेतला आहे तो ब्रिटनमधील प्रादेशिक दूरचित्रवाणीवर शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी राखून ठेवलेल्या तासाचा. विषय परदेशचा खरा. पण त्यातला प्रश्न आपल्याला परका नाही. मुलांशी त्यांच्या मुलखाच्या आवाजात बोलायचे कोणी, आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी?

प्रारंभी तेथे एकच आवाज होता, तो लंडनचा. बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली, महायुद्ध सुरू होताच बंद पडली आणि जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ॲनेट मिल्स या बाईंच्या पियानोवर नाचणारे मफिन नावाचे लाकडी खेचर मुलांच्या भेटीस येऊ लागले. खर्च घरोघरच्या परवाना-शुल्कातून भागे. जाहिरात औषधालाही नव्हती. शिवाय सायंकाळी सहा ते सात पडदा कोराच ठेवावा असा दंडक होता. हेतू हा की, मुलांचे कार्यक्रम संपले म्हणजे आईने लहानग्यांना निजवावे. या रिकाम्या तासाला लोक थट्टेने ‘तान्ह्या बाळांचा तह’ म्हणत.

ही व्यवस्था १९५४ च्या कायद्याने पालटली. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी दुसरी वाहिनी काढण्यास पार्लमेंटने संमती दिली. पण ती एकाच धनिकाच्या हाती जाऊ नये म्हणून देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग वेगळ्या कंपनीस मुदतीच्या कराराने दिला. २२ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनमध्ये आरंभ झाला. पुढील सात वर्षांत बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ग्लासगो, कार्डिफ, न्यूकॅसल, नॉरिच, बेलफास्ट, प्लिमथ असे करीत हे जाळे चॅनेल बेटांपर्यंत पोहोचले. आपण विभागाचे आहोत हे प्रत्येक कंपनीला आपल्या कार्यक्रमांतून दाखवावे लागे. अशा रीतीने धंदा आणि स्थानिक अभिमान हे दोन बैल एका जुवाला जुंपले गेले.

यात धंद्याचा बैल अधिक जोरकस होता, हेही सांगितले पाहिजे. कोरा पडदा म्हणजे बुडालेली जाहिरात. कंपन्यांनी तक्रार केली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये बाळांचा तो तह संपुष्टात आला. मुलांच्या वेळेवर पैशाने मिळवलेला हा पहिला विजय होय.

आता दुसऱ्या बैलाचे काम पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल हे परगणे आहेत. तेथे १९६१ साली प्लिमथ शहरी वेस्टवर्ड टेलिव्हिजन सुरू झाले. या कंपनीपाशी गस हनीबन नावाचा एक कापडी ससा होता. डार्टमूरच्या माळावर काटेरी झुडपाखाली तो सापडला, अशी त्याची जन्मकथा सांगत. त्याचे काम एवढेच की, निवेदकाशेजारी बसायचे आणि ज्या मुलांचा वाढदिवस असेल त्यांची नावे वाचली जात असता, मूल जितक्या वर्षांचे तितक्या उड्या मारायच्या. सहा वर्षांच्या मुलाला सहा उड्या. चॅनेल बेटांवर हेच काम ऑस्कर नावाचा पफिन पक्षी करी.

शहाण्या माणसाला हे हसू येण्याजोगे वाटेल. परंतु एखाद्या कोळ्याच्या वा शेतकऱ्याच्या मुलीचे नाव, तिच्या गावासकट, त्या पेटीतून उच्चारले जाई आणि शेजारपाजारचे ते ऐकत, तेव्हा त्या मुलीस काय वाटत असेल याचा विचार करावा. आपले गाव जगाच्या नकाशावर आहे, हे तिला कोणत्या धड्याने इतके पटले असते? हा ससा ३१ वर्षे उड्या मारीत राहिला.

प्रादेशिक कंपन्यांनी याहून मोठी कामेही केली. दक्षिणेकडील सदर्न कंपनीने १९६६ पासून ‘हाऊ’ या कार्यक्रमातून शास्त्रातली गंमत मुलांना दाखविली. एच.टी.व्ही.ने एव्हबरी गावातील प्राचीन शिलावर्तुळात चित्रण करून १९७७ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स’ ही गूढमालिका दिली. स्थानिक माती अशी देशभरच्या मुलांपुढे आली.

वेल्समध्ये तर प्रश्न भाषेचाच होता. तेथे एकाच कंपनीला वेल्स आणि इंग्लंडचा पश्चिम भाग असे दोन्ही सांभाळावे लागत. एच.टी.व्ही.ने १९७० नंतरच्या दशकात ‘मिरी मौर’ हा वेल्श बालकार्यक्रम चालविला खरा, पण इंग्रजी कार्यक्रमांच्या गर्दीत वेल्शच्या वाट्याला थोडाच वेळ येई. स्वतंत्र वेल्श वाहिनीचे वचन सरकारने मोडले, तेव्हा १९८० मध्ये ग्विनफर एव्हान्स या वृद्ध नेत्याने प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस फोर सी’ सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ‘सुपरटेड’ हे अस्वल मुलांशी वेल्शमध्ये बोलले. मुलांच्या तासाचे मोल त्या लोकांनी किती मानले, हे यावरून दिसेल.

इतरत्र मात्र ओहोटी लागली. जानेवारी १९८३ पासून मुलांच्या तासाचे निवेदन सर्व विभागांत एकच झाले. १९९० च्या कायद्याने विभागांचे चक्क लिलाव मांडले. वेस्टवर्डच्या जागी आलेल्या टी.एस.डब्ल्यू. कंपनीने इतकी मोठी बोली लावली की, ती तिला झेपणार नाही असे ठरून विभाग दुसऱ्यास गेला. ३१ डिसेंबर १९९२ रोजी ती कंपनी थांबली आणि सशाची उडीही. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. २००३ च्या कायद्याने बालकार्यक्रमांचे बंधन सैल केले. २००६ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांभोवतीच्या अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर बंदी जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आय.टी.व्ही.च्या मुख्य वाहिनीवरून हा दुपारचा तास नाहीसा झाला. त्यासाठी काढलेली वेगळी बालवाहिनीही २०२३ मध्ये बंद झाली.

या बंदीला आम्ही दोष देत नाही. मुलांचे आरोग्य राखणे हे सरकारचे कर्तव्यच होते. त्या तासाला सोन्याचा मुलामाही देऊ नये. त्यात उसनी अमेरिकन चित्रे होती आणि मिठाई विकण्याचा खटाटोपही होता. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या गोष्टीचा खर्च केवळ मिठाईवाला करतो, ती मिठाईवाला उठून जाताच बंद पडते. कायद्याचे बंधन होते तोवर धंद्यानेही मुलांची सेवा केली. बंधन सुटले आणि सेवा संपली. वेल्समध्ये ती टिकली, कारण तेथे लोकांनी ती आपली म्हणून मागितली होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यावरील ‘किलबिल’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आज आपल्या मुलांच्या हातातील पडद्यावर साऱ्या जगाची चित्रे आहेत. त्यांच्या गावाचे आणि त्यांचे नाव घेणारा आवाज त्यांत किती आहे, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे. तो नसेल तर मिठाईवाल्याची वाट पाहू नये, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.