अर्धरथी कर्ण आणि दादराचे ठाणे

वीराचे बळ आकड्यांत मोजण्याचा नाद माणसाला फार जुना आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात रथातिरथसंख्यान नावाचे एक उपपर्व आहे. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही सैन्यांत रथी कोण, अतिरथी कोण? भीष्म एकेकाचे नाव घेऊन जणू प्रगतिपुस्तकच भरू लागतात. कृतवर्मा अतिरथी, शल्य अतिरथी, नकुल-सहदेव रथी, भीम एकटा आठ रथ्यांच्या तोडीचा. स्वतःविषयी मात्र ते बोलत नाहीत. कर्णाची पाळी आल्यावर म्हणतात, हा धड रथीही नव्हे, अर्धरथी! कवचकुंडले गेलेली, वर परशुरामांचा शाप. द्रोण दुजोरा देतात, आणि भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही अशी प्रतिज्ञा करून कर्ण बाजूला होतो. दहा दिवस एक वीर रणांगणाबाहेर राहिला, तो केवळ मिळालेल्या गुणांमुळे. आम्हा मास्तर मंडळींनी हा प्रसंग अधूनमधून वाचावा.

पण त्याच यादीतले एक मूल्यमापन मला अधिक मोलाचे वाटते. अश्वत्थाम्याची अस्त्रविद्या भीष्म तोंडभरून वाखाणतात आणि मग म्हणतात, त्याच्यात एकच दोष, त्याला जीव फार प्यारा आहे. म्हणून मी त्याला रथी वा अतिरथी काहीच म्हणत नाही. कवच मोजता येते, बाण मोजता येतात. जिवाची आसक्ती कशी मोजावी?

हाच प्रश्न निराळ्या वेषात पश्चिमेकडे उभा राहिला. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये युद्धखेळाचे नियम छापले. नकाशावर पलटणींचे ठोकळे, हातात फासे आणि निवाड्याला पंच. पुढे 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात पलटणीऐवजी प्रत्येक खेळाडूचे एकच पात्र. त्या पात्राचे बळ, चपळाई, चिलखत, सोसण्याची शक्ती, सारे कागदावर आकड्यांत. आमच्या सिल्वासातही काही मुले हा खेळ खेळतात. गुजराती, मराठी आणि इंग्रजी यांची खिचडी करून भांडतात.

हिशेब सोपा आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा. समोरच्याच्या चिलखतामुळे 11 किंवा अधिक पडणे आवश्यक असेल, तर वीसांपैकी दहा वेळा वार लागणार, म्हणजे निम्मे वार फुकट. लागलेला वार सरासरी 6 गुणांचा असेल, तर दर डावाला सरासरी 3. समोरच्याचे प्राण 24 गुणांचे असतील, तर तो सुमारे आठ डाव टिकेल. आता दोन्ही बाजूंचे डाव मोजा; ज्याचे अधिक, तो वरचढ. चिलखत काढून घ्या, की 11 च्या जागी 6 पुरतात आणि तोच वीर पाच-सहा डावांत आडवा होतो. अर्धरथी कर्णाचे गणित ते हेच.

आणि अश्वत्थाम्याचे? या खेळाच्या 1981 च्या मूलभूत आवृत्तीत मनोधैर्याचाही आकडा आहे, 2 ते 12. लढाई अंगावर आली की दोन साधे फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याहून जास्त झाली तर तो पळतो किंवा शरण येतो. ज्याचा आकडा 12, तो कधीच हटत नाही. गंमत अशी की ही परीक्षा राक्षसांना आणि भाडोत्री सोबत्यांना द्यावी लागते, खुद्द खेळाडूच्या पात्राला नाही. त्याने पळावे की थांबावे, हे खेळाडूनेच ठरवायचे.

मुक्तिदिनाच्या सुमारास नववीतल्या काही मुलांनी 1954 च्या लढ्याचे असे तक्ते केले आणि माझ्यापुढे ठेवले. शस्त्रे, माणसे, दोन्ही बाजूंचे आकडे. सारा इतिहास इथे सांगत बसत नाही. आपल्या घराघरांत तो ठाऊक आहे. 21-22 जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या मोजक्या कार्यकर्त्यांनी दादराचे पोलीस ठाणे घेतले. मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक पुढे सरसावले, जुलैअखेर नरोली पडली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आपले सुधीर फडके त्या तुकडीत होते.

दादराच्या ठाण्यावर पोर्तुगीज पोलीस अधिकारी आनिसेतो दो रोझारियो होता. हाताशी शिपाई दोन-तीन. तो लढताना मारला गेला. मुलांनी त्याच्या मनोधैर्यापुढे 5 लिहिले होते. मी म्हटले, 12 करा. एक जण चटकन म्हणाला, “पण सर, तो तर शत्रूकडचा!” मी म्हटले, भीष्मांनी पांडवांचेही रथी मोजले होते. पोराने खोडून 12 लिहिले, जरा नाखुशीनेच.

उलट कॅप्टन फिदाल्गो. त्याच्यापाशी सुमारे 150 सशस्त्र पोलीस. मुलांच्या तक्त्यात त्याची बेरीज सर्वांहून मोठी. तो सिल्वासा सोडून खानवेलकडे गेला आणि 11 ऑगस्टला उदवा येथे भारताच्या राखीव पोलिसांच्या स्वाधीन झाला. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. दीडशे माणसे, ऐन पावसाळा, चहूकडे भारताची हद्द, आणि कुमक यायची तर दमणहून. मधला मुलूख भारताचा आणि जुलैमध्ये भारताने ती वाट बंद केलेली. पोर्तुगालने 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात याच वाटेसाठी दावा लावला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला: खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता, आणि वाट बंद करण्यात भारताने काही गैर केले नाही.

या वाटेचा रकाना मुलांच्या तक्त्यात नव्हता. तो कुणाच्या नावासमोर घालावा, यावर मधल्या सुट्टीभर वाद चालला.