करडा फर्ग्युसन : छोट्या शेतकऱ्याचा सोबती

छोट्या शेतकऱ्याच्या दारात यंत्र येते ते कधी मोकळीक घेऊन, तर कधी कर्ज घेऊन. आयर्लंड-इंग्लंडमधील एका जुन्या ट्रॅक्टरची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ती आम्ही येथे संक्षेपाने मांडीत आहोत.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म 1884 साली आयर्लंडच्या डाऊन परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, सरकारने त्यांच्याकडे तेथील ट्रॅक्टरांची देखरेख सोपविली. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे गाडीसारखा ओढला जाई. फाळ दगडाला अडला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर येई. यावर उपाय म्हणून फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला : दोन खाली, एक वर. नांगरणी करताना वरचा दांडा पुढे रेटतो, त्यामुळे पुढची चाके जमिनीवर राहतात. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडून हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते.

1938 साली हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनाने करार झाला. पुढे तो मोडला, आणि 1952 साली साडेब्याण्णव लाख डॉलर्स देऊन फोर्ड कंपनीने खटला मिटविला. दरम्यान 1946 साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे करड्या रंगाचा ‘टीई-20’ तयार होऊ लागला. 1956 पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. चार-दोन एकरांच्या धन्यालाही आता घोड्यांची जोडी पोसण्याची गरज उरली नाही.

तिकडचे छोटे शेतकरी आजही हा ट्रॅक्टर जुन्या बाजारातून घेतात, कारण त्याची रचना सोपी असून सुटे भाग मिळतात. घेणाऱ्याने ताज्या रंगाला भुलू नये. प्रथम इंजिन पेट्रोलचे, रॉकेलसदृश तेलाचे की डिझेलचे ते विचारावे. सुटे भाग त्यावरून ठरतात. इंजिन-ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. थंड प्रदेशात पाणी गोठून इंजिनाला तडा गेल्याचेही ते लक्षण असू शकते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जड अवजार वर उचलून इंजिन बंद करावे; ते झरझर खाली आले तर हायड्रॉलिकचे आतले भाग झिजले आहेत.

या ट्रॅक्टरचे इंजिन गिअरच्या दांड्यानेच सुरू होते, म्हणून गिअरमध्ये असताना ते सुरू होत नाही. कोणी ही सोय काढून वेगळे बटण बसविले असेल, तर ती सुरक्षा गेली असे जाणावे. घरी आणल्यावर वेळेवर ऑइल बदलणे, सांध्यांना ग्रीस देणे, हवेच्या गाळणीतील ऑइल स्वच्छ ठेवणे ही कामे घरचा माणूसच करू शकतो.

एक नियम मात्र कधी मोडू नये. ओढायची साखळी मागच्या आसाच्या वर बांधू नये. ती खालच्या आडव्या पट्टीलाच अडकवावी. वर बांधली, की फर्ग्युसन यांनी दूर केलेले संकट पुन्हा उभे राहते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. मूळ यंत्राला चालकाचे रक्षण करणारी चौकट नव्हती. हाती चार पैसे असल्यास ते आधी ब्रेकवर व अशा चौकटीवर खर्चावेत.

1953 साली फर्ग्युसन यांचा व्यवसाय मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला. पुढे त्याच परंपरेतील ट्रॅक्टर मद्रासच्या ‘टॅफे’मार्फत 1960 नंतर भारतात आले. आज आपल्या गावातल्या कोणत्याही ट्रॅक्टरमागे पाहा, तेच तीन दांडे दिसतील.

पोप तेविसावे जॉन यांनी 1961 सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेतकऱ्यांच्या उन्नतीचे मुख्य शिल्पकार शेतकरी स्वतःच असावेत, असे प्रतिपादिले. जे यंत्र आपल्या हाताने उघडता येते, समजून घेता येते आणि दुरुस्त करता येते, त्याचा धनी शेतकरीच राहतो. घेताना त्याची किंमत जरूर पाहावी. परंतु संध्याकाळी चालवणारा सुखरूप घरी परतेल ना, हे सर्वांत आधी पाहावे.